वांग्यांची मोटार पटात उतरते

आमच्या गावाला बस नव्हती, कारण रस्ता नव्हता. रस्ता नव्हता, कारण ज्या गावाला बस जात नाही तिथे रस्ता कशाला, असं सरकारी कचेरीत सगळ्यांचं एकमत होतं. महाराष्ट्र नवा झाला, नकाशे नवे छापले, कचेरीच्या भिंतींना चुना लागला. पण हे उत्तर तेवढं जुनंच राहिलं. मी त्याच्यावर गुलाबी कागदाचं पत्रक काढलं होतं. ‘बस भीक नाही, हक्क आहे’ असा मथळा होता, आणि खाली नऊ मुद्दे. लोकांनी ते आवडीने घेतलं आणि त्यात मिरच्या बांधल्या.

मला राग येतो तो उगाच येत नाही. माझी धाकटी बहीण सातवी पास झाली होती, आणि नुसती पास नव्हे, केंद्रात पहिली. पुढची शाळा दुसरबीडला. मधे नाला, माळ, आणि दोन तास पायपीट. वडिलांनी एका वाक्यात निकाल दिला. गावाच्या बाजूने सरकारी मोटार सुरू झाली तर पोरगी शिकेल, नाही तर घरी बसेल. पुढच्या जूनपर्यंत मुदत. मी म्हटलं, काकाच्या मोटारीत पाठवा. वडील म्हणाले, “तिच्यात वांगे पोचत नाहीत टायमावर, पोरगी काय पोचन?”

हा काकाच्या मोटारीचा अपमान होता, पण खोटा नव्हता. काका फौजेत ट्रक चालवून परत आले तेव्हा त्यांनी कुठल्याशा लिलावात ही मोटार घेतली होती. मूळ रंग कुणाला माहीत नव्हता. घरची वांगी, भेंडी, मिरची बाजाराला नेणं हे तिचं रोजचं काम. त्याशिवाय बाळंतीण, नवरदेव, आजारी म्हातारे आणि टपावर भोंगा बांधून माझा प्रचार, हे सगळं ती वाहायची. वास मात्र कायम वांग्याचाच. नवरदेवालाही यायचा.

मी बुलढाण्याला जाऊन बसखात्याच्या साहेबांना भेटलो होतो. साहेब अंगाने भरलेले, बोलायला मऊ. त्यांनी माझे नऊही मुद्दे ऐकले, चहा दिला आणि म्हणाले की, तुमच्या बाजूला मोटार जाऊच शकत नाही असा अहवाल आहे. मी म्हटलं, साहेब, आमची मोटार रोज जाते. ते म्हणाले, अहवालात तसं नाही. मी म्हटलं, मग तुम्ही स्वतः येऊन बघा. साहेबांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “येईन की. रस्ता झाला की नक्की येईन.”

परतीच्या प्रवासात मी दहावा मुद्दा लिहिला. तो छापण्यासारखा नव्हता.

त्याच हिवाळ्यात दुसरबीडच्या शंकरपटात एक नवी टूम निघाली. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, दोन बैल, वर एक धुरकरी म्हणजे हाकणारा, आणि सरळ पट्टीवर सुटायचं. पंच घड्याळ लावून बसतात. त्या वर्षी पटाच्या मंडळींनी ठरवलं की, बैलांचं झालं की शेवटी मोटारींचाही एक पट घ्यायचा. अट एकच: मोटार रोजच्या वापरातली पाहिजे, भाड्याने आणलेली नको. जिंकेल त्याला फेटा, आणि पाहुण्यांच्या शेजारी बसून भोंग्यावर दोन शब्द बोलायचा मान. पाहुणे कोण? तर बुलढाण्याचे तेच साहेब.

मी त्या दोन शब्दांचे लगेच चाळीस केले आणि पाठ करायला घेतले.

काका मात्र शब्दांकडे बघत नव्हते. त्यांची जवानी फौजेत गेली तरी बालपण पटात गेलं होतं, आणि मोटारीकडे ते बैलजोडीच्याच नजरेने बघत. पटाच्या बैलाला पंधरवडाभर आधी काम देत नाहीत. म्हणून आमची मोटार निंबाखाली मोकळी उभी राहिली. अंगावर गोधडी. वांगी बैलगाडीतून बाजाराला जाऊ लागली. म्हणजे बैल मोटारीचं काम करत होते आणि मोटार बैलासारखी आराम करत होती. आईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली की, एवढी पोटुशी असल्यासारखी जपता तर तिला डोहाळजेवणही करा. काकांनी ते मनावर घेतलं की काय कोण जाणे, दुसऱ्या दिवशी मोटारीत घरातलं सगळ्यात चांगलं तेल पडलं. आईने मग गुपचूप मोटारीच्या दिव्याच्या बाजूला काळा टिक्का लावला. नजर तिलाही मान्य होती.

पटाचा दुसरा नियम, छकडा हलका पाहिजे. इथे बहिणीने सूत्रं हातात घेतली. वांग्यांचा तराजू तिने निंबाला टांगला आणि मोटारीचा जो भाग निघेल तो जोखायला सुरुवात केली. पहिल्यांदा मागची गादी गेली. मग दारं. मग पुढचा लोखंडी पट्टा, पायदान, मडगार्ड, टप. माझा भोंगा टपाबरोबर खाली आला तेव्हा मी निषेध नोंदवला. हा जनतेचा आवाज आहे, असं म्हटलं. ती म्हणाली, “जनतेचा आवाज पाच शेर भरला, भाऊ. राहू दे घरी.” शेवटी मोटारीत चाकं, इंजिन, पुढची अर्धी गादी आणि समोरची काच राहिली. काचही काढणार होती, पण काकांनी सांगितलं की, तोंडात किडे जातील आणि भाषण बिघडेल.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मोटार चालवायची मी, हे काकांनी आधीच ठरवलं होतं. धुरकरी हलका पाहिजे आणि काकांचं पोट फौजेतून सुटल्यावर सुटलं होतं. मला मोटार चालवता येत होती, पण ती बाजूला काका बसलेले असताना, आणि सरळ. बहिणीचं म्हणणं असं की, दारापेक्षा मी जड आहे. त्या दिवसापासून माझ्या ताटातली दुसरी भाकर बंद झाली. मी उपोषणं जाहीर केलेली आहेत. पण ती मागण्यांसाठी असतात आणि चौथ्या तासाला कुणीतरी मध्यस्थ येतो. इथे मध्यस्थ कुणी नव्हता. वडील तर माझ्या वाटणीची भाकर माझ्यासमोर बसून खात.

सराव बाजेवर चाले. पेट्रोल खर्च करायचं नाही म्हणून अंगणात बाज टाकली, हातात पिठाची चाळणी दिली, पायांखाली तीन विटा. डावी क्लच, मधली ब्रेक, उजवी पळवायची. काका मागे बसून पत्र्याचा डबा बडवत. डबा जोरात वाजला की वेग वाढला समजायचं. “खड्डा,” म्हणाले की मी उसळायचं. “म्हैस,” म्हणाले की चाळणी वळवायची. एकदा खरीच म्हैस अंगणात आली आणि मी इतका रंगात होतो की सवयीने मधली वीट दाबली. म्हैस बाजेवरून गेली नाही, एवढंच. अख्खी गल्ली बघायला जमायची. ज्या गल्लीत माझ्या सभेला सात माणसं यायची, तिथे मी चाळणी फिरवतो हे पाहायला बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या. जनता जागृत आहे, फक्त तिला विषय निवडता येत नाही, असं मी तेव्हा शेजारच्या वहिनीला म्हटल्याचं आठवतं. वहिनी म्हणाली, डावीकडे जास्त झुकता.

शर्यतीच्या सकाळी काकांनी माझ्या डोक्याला कापूस भरलेलं पागोटं बांधलं, हनुवटीखाली उपरण्याची गाठ मारली आणि फौजेतला धुळीचा चष्मा चढवला. मी आरशात पाहिलं नाही. बहीण हसली नाही, म्हणजे फारच वाईट दिसत असणार. तिला पटाला यायचं होतं, पण पोरींनी पटात जायचं नाही असा वडिलांचा दुसरा कायदा होता. वडील स्वतःही गेले नाहीत. तिच्यावर लक्ष ठेवायला थांबले, म्हणजे दोघंही चावडीपाशी तोंड फुगवून बसले.

दुसरबीडला मैदान भरलं होतं. बैलांचे पट संपले, धूळ बसली आणि आम्ही तीन मोटारी पुढे आलो. एक डॉक्टरांची, काळी, छोटी, पुसलेली. एक कापसाच्या आडत्याची, एवढी लांब की तिचं तोंड पोचल्यावर शेपूट निघेल. तिसरी आमची. आमची पाहून लोकांना वाटलं की हिला कुणीतरी लुटलं.

आणि मग पटाच्या मंडळींनी घोळ घातला. पाहुण्यांनीही एका मोटारीत बसून मजा घ्यावी, असा त्यांनी भोंग्यावरून आग्रह केला. डॉक्टर लगेच म्हणाले, मागे औषधाच्या बाटल्या आहेत. आडत्या म्हणाला, मागे घरातली मंडळी आहेत. होतीही, चार. मी तोंड उघडणार एवढ्यात काका दोन्ही हात जोडून पुढे झाले. दारात आलेल्या माणसाला बसा म्हणायचं, ही आमच्या घराची खोड. दार नसलं तरी.

“बसा साहेब,” काका म्हणाले, “आपलीच मोटार समजा.”

बसायला जागा नव्हती. वांग्यांची टोपली पालथी घातली, त्यावर साहेब बसले. पंधरा दिवस मी भाकर सोडली, आम्ही दारं काढली, जनतेचा आवाज घरी ठेवला, आणि ते सगळं वजन एका अधिकाऱ्याने एका बैठकीत भरून काढलं. साहेबांनी मला ओळखलं नाही. पागोटं आणि चष्म्यात आईनेही ओळखलं नसतं. त्यांनी मला विचारलं, किती वर्षं चालवता? मी म्हटलं, लहानपणापासून. बाजेवरचा पहिला दिवस मला आता बालपणासारखाच दूर वाटत होता.

मोटारी एकेक सुटणार होत्या, घड्याळ लावून. डॉक्टर गेले, नीट गेले, नीट थांबले. दवाखान्यात गेल्यासारखे. आडत्याची मोटार गेली, पण पट्टीच्या शेवटी थांबायला उशीर झाला आणि ती पुढच्या नांगरटीत रुतली. पट्टीच्या टोकाला नांगरलेलं रान मुद्दाम ठेवतात. बैल तिथे आपोआप दमतात. त्या बैलांनाच मग आडत्याची मोटार ओढायला जुंपलं.

माझी पाळी. काका कानाशी आले. पटाच्या बैलाची वेसण ढिली ठेवतात, नाही तर तो मोकळा पळत नाही, हे मला माहीत होतं. काकांनी सांगितलं की, त्यांनी मोटारीचीही वेसण ढिली केली आहे, म्हणजे ब्रेक. चाकाला धरून ठेवणारं काहीच नको. शिवाय बैल धुरकऱ्याचं भ्यायलेपण ओळखतो, म्हणून पेट्रोलची कळ त्यांनी तारेने बांधून टाकली आहे. मी पाय उचलला तरी मोटार भिणार नाही.

“मंग थांबवू कशी?” मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शर्यतीचा विषय सोडून भलतंच काही काढलं. “थांबाचं कायले बे? पहिले पोच तं.”

रुमाल पडला.

मी क्लच सोडली. पुढचं मला दोन प्रकारे आठवतं, एकदा वरून आणि एकदा खालून, कारण मी गादीवर फार वेळ नव्हतो. हलकी झालेली मोटार चालत नव्हती, फेकली जात होती. टोपली साहेबांसकट मागे सरकली, मग पुढे आली, मग साहेबांनी माझं उपरणं धरलं. लोकांचा आवाज आला आणि मागे पडला. शेवटची चुन्याची रेघ गेली. समोर नांगरट, तिच्यात आडत्याची मोटार, तिच्यात घरातली मंडळी. मी मधली वीट, म्हणजे ब्रेक, दाबला. पाय लोण्यात गेला. मी चाळणी, म्हणजे चाक, डावीकडे वळवलं. वहिनी म्हणत होती ते खरं होतं, मी डावीकडे जास्तच झुकतो. नांगरट चुकली, बाभळ चुकली आणि मोटार गाडीवाटेला लागली.

“थांबवा,” साहेब म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, जरा कमी मऊ.

तेव्हा मला किल्ली आठवली. किल्ली फिरवली की इंजिन बंद, एवढं मला कळत होतं. हात गेलाही तिच्यावर. पण समोरची वाट मी ओळखली. ती आमच्या गावाची होती. मागे टोपलीवर तो माणूस होता, जो रस्ता झाल्यावर येणार होता.

मी हात काढून घेतला आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वात चांगला मुद्दा होता, आणि त्याला कागद लागला नाही.

माळ गेला. दोन बैलगाड्या बाजूला झाल्या आणि त्यांतल्या माणसांनी राम राम घातला. साहेबांनीही घातला, सवयीने. नाला आला. पाणी घोटाभर, दगड जास्त. मोटार त्यात शिरली आणि नाल्यातलं निम्मं पाणी घेऊन पलीकडे निघाली. साहेबांची टोपी नाल्यातच राहिली. मधे त्यांनी मला विचारलं की, हे अपहरण आहे का? मी चष्म्यातून मागे पाहिलं आणि म्हटलं, “नाही साहेब, पाहणी आहे.” तेव्हा त्यांनी मला ओळखलं.

गावात शिरताना मी किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं, पण मोटार आपल्या मनाने चावडीपर्यंत गेली आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगात तोंड खुपसून थांबली. वडील उठून उभे राहिले. बहीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. साहेब ओले, धुळीने माखलेले, पाठीला वांग्याचं एक पान चिकटलेलं. ते पाणी प्यायले, त्यांनी श्वास घेतला आणि मी माझे चाळीस शब्द आठवू लागलो. एकही आठवेना. डोक्यात नुसता पत्र्याचा डबा वाजत होता.

बहिणीने रिकामा तांब्या घेतला आणि विचारलं, “साहेब, वाट नाई म्हणता, मंग तुमी आले कुठून?”

साहेब म्हणाले, “मी आलो नाही, बाळ. मला आणलं.”

“मंग बस काय करते?” ती म्हणाली. “बसबी आनतेच नं मानसं.”

साहेबांनी पऱ्हाटीत अडकलेल्या मोटारीकडे पाहिलं. मग हसायला लागले, आणि थांबेनात. त्यांचाही ब्रेक ढिला होता. वडिलांनी त्यांना ओसरीवर नेलं. आईने भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर वाढली. साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या. माझ्या ताटात बहिणीने दुसरी भाकर स्वतःहून टाकली. जेवताना साहेबांनी तिला विचारलं की, कितवीत जाणार? तिने वडिलांकडे बोट केलं आणि म्हणाली, ते याइले विचारा. वडिलांनी मोठ्या माणसासमोर आपली अट पुन्हा सांगितली. साहेब म्हणाले, बघू. मी पुढे सरकलो की, बघू म्हणजे काय? वडिलांनी मला हात धुवायला पाठवलं.

दिवस कलता काका आणि पटाची मंडळी हरवलेला पाहुणा शोधत पोचली. निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला होता, कारण पाहुणे निसटलेले पाहून पंच घड्याळ बघायचं विसरले आणि आमची मोटार घड्याळाला सापडलीच नाही. फेटा त्यांना, दोन शब्द त्यांना. ते जंतांवर बोलले म्हणे, आणि मैदान बैलांच्या पटापेक्षा लवकर मोकळं झालं. परत जायला साहेबांनी आमच्या मोटारीत बसायला साफ नकार दिला. ते बैलगाडीतून गेले. मी बरोबर दुसरबीडपर्यंत चालत गेलो आणि वाटभर नऊ मुद्दे सांगितले. सातव्याला ते झोपले.

जूनमध्ये बस सुरू झाली. प्रायोगिक तत्त्वावर, आणि नाल्याच्या पलीकडच्या काठापर्यंत. मोटार नाला ओलांडू शकत नाही, असा नवा अहवाल होता. ओलांडताना टोपली कुणाच्या खाली होती, हे त्यात कुठे नव्हतं. मी संतापलो. वडील त्याहून चलाख निघाले. ते म्हणाले, अट गावाची होती, नाल्याची नाही. पोरगी नाल्यात पाय घालून रोज जाणार नाही.

शाळा उघडायच्या सकाळी बहिणीने वाद घातला नाही. नवं दप्तर घेतलं आणि निघाली. मी मागे. आमच्या मागे वडील, तिला परत न्यायला, भराभर. नाल्याला पिंढरीभर पाणी होतं. ती चपला हातात घेऊन उतरली आणि पलीकडे गेली. वडिलांनीही काठावर चपला काढल्या आणि तिला हाका मारत पाण्यात शिरले. बस उभी होती. ती चढली. तिला खाली उतरवायला वडील चढले. कंडक्टरने घंटी मारली.

मी अलीकडच्या काठावरून बघत होतो. वडील खिडकीत दिसले, तोंड उघडलेलं, आणि शेजारच्या बाईने सरकून त्यांना जागा दिली. मग ते बसले. पोरगी पहिली आली होती हे ते त्या बाईला सांगत होते, असं बहिणीने मला संध्याकाळी सांगितलं. दुसरबीड येईपर्यंत बसमधल्या सगळ्यांना कळलं होतं. पुढे शाळेच्या फाटकापर्यंतही ते गेले, अनवाणी, आणि तिला मास्तरांच्या पाया पडायला लावून आले.

मी त्यांच्या चपला उचलून घरी आणल्या. आई दारात उभी होती. तिने आधी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घाबरून विचारलं, “तुहे बाबा कुठी हाय रे?”

“शाळेत गेले,” मी म्हटलं.